वॉरंटचे समभागांत रूपांतर आणि बाजारभाव

वॉरंट म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या किमतीला कंपनीचे नवे समभाग घेण्याचा हक्क; घेण्याची सक्ती नसते. ऑप्शनच्या सौद्यात आधीचेच समभाग हात बदलतात. वॉरंटचे रूपांतर झाले की मात्र कंपनी नवे समभाग देते आणि पैसा तिच्याकडे जमा होतो. समभाग किती वाढले यापेक्षा ते कोणत्या किमतीला दिले गेले, यावर जुन्या भागधारकाचे नुकसान अवलंबून असते.

समजा, कंपनीचे 10 कोटी समभाग आहेत, बाजारभाव 100 रुपये आहे आणि 2 कोटी वॉरंटची रूपांतर किंमत 60 रुपये आहे. कंपनीचे बाजारमूल्य 1,000 कोटी, त्यात आले 120 कोटी. भागिले 12 कोटी. सैद्धांतिक भाव 93.33 रुपये होतो. रूपांतर किंमत 100 रुपयेच असती तर भाव हलला नसता. प्रति समभाग मिळकत मात्र तेव्हाही लगेच घटते, कारण नवा पैसा नफा मिळवू लागायला वेळ लागतो.

प्रत्यक्ष रूपांतराच्या दिवशी एवढी घसरण सहसा दिसत नाही. वॉरंटची माहिती आधीच जाहीर असल्याने बाजार ती भावात धरत आलेला असतो. भारतीय लेखामानक 33 नुसार कंपन्यांना सौम्यीकृत, म्हणजे वॉरंटचे रूपांतर झाले असे धरून काढलेली, प्रति समभाग मिळकतही दाखवावी लागते. सावध गुंतवणूकदाराने पाहावा तो हाच आकडा.

भारतात सूचिबद्ध कंपन्या प्राधान्य वाटपाने, बहुधा प्रवर्तकांना, वॉरंट देतात. सेबीच्या 2018 च्या नियमांनुसार किमान 25 टक्के रक्कम आगाऊ भरावी लागते, मुदत जास्तीत जास्त 18 महिन्यांची असते आणि हक्क न वापरल्यास आगाऊ रक्कम जप्त होते. 2009 पूर्वी ती 10 टक्केच होती. 2008 च्या पडझडीत बाजारभाव रूपांतर किमतीखाली गेले, तेव्हा अनेक प्रवर्तकांनी ती सोडून दिली आणि कंपन्यांना अपेक्षित भांडवल मिळाले नाही. उलट, प्रवर्तक बाजारभावाहून जास्त किंमत मोजून रूपांतर करतात, तेव्हा तो विश्वासाचा संकेत मानला जातो आणि भाव वधारू शकतो.

रूपांतरातून मिळालेले समभाग काही काळ विकता येत नाहीत. त्यामुळे विक्रीचा दबाव आलाच, तर तो ही बंदी उठल्यावर येतो.