बेंगळुरात विचारलेला एक प्रश्न

डीएनए हे नाव आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. आमच्या इंदिरानगरातील दहावीची मुले त्याची आकृती वहीत झरझर काढतात. परंतु याच आकृतीविषयी आमच्या या बेंगळूर शहरातून एके काळी गंभीर शंका उपस्थित झाली होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

२५ एप्रिल १९५३ रोजी वॉटसन आणि क्रिक यांनी 'नेचर' साप्ताहिकात डीएनएची रचना मांडली. रोझालिंड फ्रँकलिन यांच्याकडील क्ष-किरण छायाचित्रे आणि शारगाफ यांची मापने यांचा तिला आधार होता. डीएनए म्हणजे दोन पेडांचा, उजव्या पिळाचा दोर. पेड साखर व फॉस्फेट यांचे. आतील बाजूस चार अक्षरे. अ‍ॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन, अशीच जोडी जमते. म्हणून एका पेडावरून दुसरा सिद्ध करता येतो; आनुवंशिकतेचे मर्म हेच होय. सरकारी दप्तरात मूळ कागद दप्तरखान्यातच राहतो, बाहेर जाते ती नक्कल. पेशीतही आरएनए ही नक्कल बाहेर येते आणि तिच्यातील तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनुसार अमिनो आम्ले जुळून प्रथिन तयार होते.

मग शंका कोणती? नक्कल करावयाची तर पेड सुटे झाले पाहिजेत. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख जोड्या असतात. दहा-साडेदहा जोड्यांस एक वेढा धरला, तर चार लाखांहून अधिक वेढे झाले! आणि हा जीव अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुणावतो. एवढा पीळ उलगडावा कसा? १९७६ साली येथील भारतीय विज्ञान संस्थेत शशिशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले की, पेड परस्परांभोवती गुंडाळलेले नसून शेजारी-शेजारी असावेत. काही अंतर उजवा पीळ, काही अंतर डावा. न्यूझीलंडमधील संशोधकांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असाच विचार मांडला.

ही शंका पोकळ नव्हती. तंतूंच्या छायाचित्रांवरून एकेका अणूचे स्थान ठरत नव्हते. त्यासाठी स्फटिक हवे होते. १९७८ साली याच संस्थेतील विश्वमित्र यांनी केंब्रिजच्या ओल्गा केनार्ड व इतरांसमवेत चार अक्षरी तुकड्याची रचना अणूंच्या पातळीवर दाखविली. तीत उजव्या पिळाच्या जोड्या स्पष्ट दिसल्या. १९७९ साली अमेरिकेत डाव्या पिळाचा डीएनएही आढळला. १९८० साली डिकर्सन यांच्या गटाने बारा जोड्यांचा, पुरा वेढा घेणारा तुकडा उलगडला आणि दुपेडी दोर निश्चित झाला. पिळाचे कोडेही सुटले होते: पेड क्षणभर तोडून, पीळ काढून, पुन्हा सांधणारी विकरे पेशीत असतात. त्यांपैकी पहिले जेम्स वँग यांनी १९७१ सालीच शोधले होते.

बेंगळुरातील ती कल्पना टिकली नाही. परंतु तिने विचारलेल्या प्रश्नामुळे सर्वमान्य आकृतीस पुरावा द्यावा लागला. विद्यार्थिमित्रांनो, वहीत ती आकृती काढताना एवढेच विचारा: हा पीळ सुटतो कसा?