पेण ते रोहा : आळी, संहिता आणि वाङ्मयेतिहास

आपल्या वाङ्मयेतिहासात कालखंड असतात, संप्रदाय असतात, प्रवाह असतात; स्थळ मात्र बहुधा लेखकाच्या जन्मनोंदीपुरतेच येते. जुन्या वस्तीतून पायी हिंडत तिचा वाङ्मयीन इतिहास सांगण्याच्या उपक्रमांनी ही उणीव काही प्रमाणात भरून निघते. परंतु त्यांतही थोरांची घरे दाखवून पुढे सरकण्याची प्रवृत्ती दिसते. घर दाखवणे आणि इतिहास सांगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीच्या कुलाब्यातील) पेण आणि रोहा या गावांच्या आधारे हे तपासून पाहता येते.

भोगावतीकाठच्या पेणमधील आळ्या आज गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जातात. त्याच तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, ही त्यांच्या आईची खंत 'गीताई'च्या मुळाशी आहे. मराठी गीता तूच का करीत नाहीस, असे तिने विचारले होते. १९१८ मध्ये ती वारली आणि १९३०-३१ मध्ये विनोबांनी वर्ध्यास समश्लोकी रचना पूर्ण केली. गागोद्याचे घर पाहणाऱ्याने लक्षात घ्यावयाचे ते हेच, की या ग्रंथाचा आरंभ एका वाचकवर्गाच्या वंचनेत आहे. घरात पोथी होती, पण तिचा अर्थ घरातल्या बाईपर्यंत पोचत नव्हता.

रोहा हे कुंडलिकेकाठचे गाव. कोकण रेल्वेचा मार्ग येथून सुरू होतो. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते येथे झाला, बालपण मात्र रोहा परिसराशी निगडित आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर केंद्रीय अर्थमंत्री असलेल्या या गृहस्थाने 'मेघदूत' मराठी पद्यात आणले आणि उलट दिशेने गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. रोह्यातच १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी लेखणीपेक्षा वाणीवर भर दिला. मुंबईच्या माधवबागेतील पाठशाळेत त्यांनी गीता-उपनिषदे प्रवचनांतून उलगडली. मॅगसेसे पुरस्कार या तिघांनाही मिळाला, अनुक्रमे १९५८, १९५९ आणि १९९६ मध्ये. तथापि वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने त्यांच्यातील खरे साम्य दुसरेच आहे. भाषांतर, रूपांतर व प्रवचन या तीन मार्गांनी तिघांनीही संस्कृत संहितेची मराठीशी सांधेजोड केली. संहितेचे प्रामाण्य येथे गृहीत आहे. प्रश्न आहे तो तिच्या प्रसाराचा.

येथेच थांबल्यास फेरी सुखावह होईल, पण अपुरी राहील. याच जिल्ह्यात महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथील परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. दहन हीदेखील वाचनाचीच एक कृती आहे, असे म्हटल्यास ते अलंकारिक ठरू नये. संहिता काय म्हणते आणि ती कोणावर सत्ता चालवते, हे नेमके वाचल्याशिवाय तो निर्णय संभवत नाही. 'गीताई'च्या रचनेला आरंभ होण्यापूर्वी तीनच वर्षे ही घटना घडली. एकाच जिल्ह्यातून आलेले हे दोन प्रतिसाद आपण वेगळ्या दालनांत ठेवतो. एक 'वाङ्मय' म्हणून, दुसरा 'चळवळ' म्हणून. ही विभागणी आपल्या इतिहासलेखनाने केलेली आहे, ती या भूमीची नव्हे.

तिसरी परंपरा तर पोथीबाहेरचीच आहे. पेणच्या खाडीकाठच्या आगरी वस्त्यांत लग्नविधी धवलारीण पुढे नेते, तिच्या गायनातून. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिला मानतो त्या महदंबेची तेराव्या शतकातील रचनाही 'धवळे' या नावानेच ओळखली जाते. या नामसाम्यावरून थेट वंशावळ मांडणे घाईचे होईल. पण विवाहप्रसंगी स्त्रीने गावयाचा हा प्रकार महानुभावांच्या पोथीत आला तेव्हा तो वाङ्मय ठरला आणि आगरी स्त्रीच्या कंठात राहिला तेव्हा लोकगीत ठरला, हा भेद तपासण्याजोगा नक्कीच आहे.

तेव्हा पेण-रोह्याच्या वाङ्मयीन फेरीत गागोद्याचे घर असावे, रोह्याची आळी असावी. त्यांच्यासोबत महाडचे तळे आणि खाडीकाठचा लग्नमांडवही असावा. गागोद्याच्या माउलीला पोथी कळत नव्हती, महाडच्या सत्याग्रहींना ती पुरती कळली होती आणि धवलारणीला तिची गरज भासली नाही. या तिघांना एकाच वाटेवर भेटवील असा इतिहास अजून लिहावयाचा आहे.