एक्सआर हेडसेटला अंतर कसे कळते?

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहिला की दोन डोळ्यांचे महत्त्व तत्काळ ध्यानात येते. सुई दिसते, दोराही दिसतो. परंतु पुढे कोण आणि मागे कोण, हे नेमके उमगत नाही. प्रत्यक्ष खोलीत आभासी वस्तू दाखविणाऱ्या एक्सआर, म्हणजेच विस्तारित वास्तवाच्या, हेडसेटपुढे हाच प्रश्न असतो. टेबल किती दूर आहे हे त्यास कळले नाही, तर त्यावर ठेवलेली आभासी फुलदाणी हवेत तरंगते आणि तिच्यापुढे धरलेला हात तिच्या मागे गेल्यासारखा दिसतो. बंदिस्त हेडसेटमध्ये तर बाहेरचे दृश्यही कॅमेऱ्यांतूनच दिसते. कॅमेरे नेमके डोळ्यांच्या जागी नसल्याने ते दृश्य डोळ्यांच्या स्थानावरून कसे दिसेल, याचे गणित अंतरावरूनच करावे लागते. ते चुकले की हाताभोवतीची चौकट वितळल्यासारखी वाकडी होते आणि काही जणांना मळमळू लागते.

यावरचा एक उपाय निसर्गाकडूनच घेतलेला आहे. दोन कॅमेरे काही अंतरावर बसविल्यास जवळची वस्तू दोन्ही चित्रांत बरीच सरकलेली दिसते, दूरची थोडीच. या सरकण्याला पराशय म्हणतात. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दोन डोळ्यांच्या या किमयेचे विवेचन केले. योगायोग असा की, त्याच वर्षी फ्रीडरिक बेसल यांनी हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर पराशयावरूनच जाहीर केले.

तत्त्व सोपे असले तरी त्यात एक मेख आहे. अंतर दुप्पट झाले की पराशय निम्मा होतो आणि मापनातील चूक मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन कॅमेऱ्यांत ६.४ सेंटिमीटर अंतर आहे आणि दृश्याच्या एका अंशाला ७ पिक्सेल मिळतात, असे समजू. अर्ध्या मीटरवरील वस्तूचा पराशय सुमारे ५१ पिक्सेल येईल, चार मीटरवरील भिंतीचा केवळ साडेसहाच्या आसपास. पराशय मोजताना पाव पिक्सेलची चूक झाल्यास जवळच्या वस्तूचे अंतर जेमतेम अडीच मिलिमीटरने चुकते. भिंतीचे मात्र पंधरा-सोळा सेंटिमीटरने. कॅमेरे एकमेकांपासून आणखी दूर बसविले तर दूरचे माप सुधारते. परंतु मग नाकासमोर धरलेला हात एका कॅमेऱ्यास दिसतो आणि दुसऱ्यास अजिबात दिसत नाही.

याहून अवघड काम म्हणजे डाव्या चित्रातील एखादा बिंदू उजव्या चित्रात नेमका कोठे आहे, हे ओळखणे. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर सगळेच बिंदू सारखे. खिडकीच्या गजांची तर आणखी पंचाईत; एका गजाची जोडी शेजारच्या गजाशी जुळली की खिडकी पुढे उडी मारते. स्टीलच्या भांड्यांवरील चकाकी दोन्ही कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या जागी दिसते. जर्मनीचे हाइको हिर्शम्युलर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक बिंदूचा निर्णय एकट्याने न घेता अनेक दिशांतील शेजाऱ्यांचा कौल विचारात घेतला जातो. ही पद्धत आजही पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. २०१५ च्या सुमारापासून न्यूरल नेटवर्कने या क्षेत्रात जम बसविला. त्यांच्या प्रशिक्षणात संगणकाने रेखाटलेल्या दृश्यांचा मोठा वाटा असतो, कारण तेथे प्रत्येक बिंदूचे खरे अंतर आधीच ठाऊक असते. अर्थात डोक्यावर बसणाऱ्या यंत्राची बॅटरी छोटी आणि तापण्याची मुभा त्याहून कमी. म्हणून आधीच्या क्षणी काढलेली अंतरे डोक्याच्या हालचालीनुसार सरकवून पुन्हा वापरण्याची काटकसर करावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो हेडसेटचा सांगाडा. कारखान्यात कॅमेऱ्यांचे अंशांकन कितीही काटेकोर केले, तरी पट्टा आवळल्याने किंवा आतील उष्णतेने सांगाडा किंचित वाकतो. वरील उदाहरणात एक कॅमेरा आडव्या दिशेने अंशाच्या केवळ दहाव्या भागाइतका वळला, तर पराशयात ०.७ पिक्सेलची चूक शिरते आणि चार मीटरवरील भिंत साडेचार मीटरवर जाते. म्हणून वापर चालू असतानाच अंशांकन तपासत राहणे आवश्यक ठरते. जोडीचे बिंदू दोन्ही चित्रांत एकाच आडव्या ओळीवर यावयास हवेत. ते वर-खाली झाले तर कॅमेरा कलंडला हे लगेच समजते. पण आडव्या दिशेने वळलेला कॅमेरा असा सहजी पकडता येत नाही, कारण त्याची चूक थेट पराशयातच मिसळून जाते. आणि अंतर बिघडविणारी मुख्य चूक नेमकी हीच! ती शोधण्यासाठी डोक्याच्या हालचालीची मदत घेतात. हालचाल मोजणाऱ्या संवेदकांनुसार वापरणारा किती पुढे गेला आणि कॅमेऱ्यांनुसार भिंत किती जवळ आली, या दोहोंचा मेळ बसेना की बिघाड उघड होतो. माझ्या मते, जुळणीच्या नव्या पद्धतींइतकेच लक्ष या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाकडे द्यावयास हवे.

कोऱ्या भिंतीवर अवरक्त किरणांची नक्षी पाडणे हा आणखी एक मार्ग. ती डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यास जुळणीसाठी खुणा मिळतात. उन्हात मात्र ती फिकी पडते. मेटाच्या २०२३ मधील क्वेस्ट ३ मध्ये असा प्रक्षेपक होता. २०२४ मध्ये आलेल्या स्वस्त क्वेस्ट ३एस मधून तो वगळण्यात आला. ॲपलने व्हिजन प्रोमध्ये कॅमेऱ्यांच्या जोडीला लायडार दिला. स्वच्छ काचेच्या दारापुढे मात्र हे सारेच उपाय चकतात: कॅमेऱ्यांना काचेपलीकडचे दृश्य दिसते, किरणही बहुतांशी आरपार निघून जातात आणि हेडसेट समोरची वाट मोकळी असल्याचे सांगतो.