पाण्यात म्हैस, बाहेर मोल : १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पाड्यापाड्यांवर अंदाज सुरू होतात. कोणाच्या मागे किती घरे, कोण ऐन वेळी फुटणार, कोण अर्ज मागे घेणार, याची बोलणी चावडीपासून बाजारापर्यंत चालतात. तिथे आपले मत असते, म्हणून आपला जीवही त्यात असतो. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र तुम्हाआम्हाला मत नाही. ते मत आमदारांचे आणि खासदारांचे. मग जव्हार-मोखाड्याच्या माणसाने या निवडणुकीच्या बातम्या कान देऊन का ऐकाव्या?

त्याचे उत्तर थोडे हिशेबात आहे, आणि शिक्षकमंडळींनी तो हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवावा असा आहे. राज्याची लोकसंख्या घ्यावयाची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागावयाचे, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागावयाचे. जे येईल ते एका आमदाराच्या मताचे मूल्य. १९६१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख ५३ हजारांच्या वर भरली. आमदार होते २७०. भागाकार केला की १,४६,४९५ येतात. म्हणजे एका आमदाराची मते १४६. बाकी राहिलेले ४९५ सोडून द्यावयाचे, कारण नियम असा की बाकी ५०० किंवा अधिक असेल तरच एक मत वाढते. पाहा गंमत! आख्ख्या महाराष्ट्रात आणखी हजार-तेराशे माणसे मोजली गेली असती, म्हणजे आपल्याकडच्या चार-दोन पाड्यांची वस्ती, तर प्रत्येक आमदाराचे मत एकाने आणि राज्याचे एकूण वजन २७० मतांनी वाढले असते. शिरगणतीत मतदारयादी पाहत नाहीत. पाळण्यातले पोरही मोजतात. तेव्हा वारल्याचे, कोकण्याचे, कातकऱ्याचे तान्हे मूलसुद्धा या निवडणुकीत कणभर वजन टाकत होते. (पुढे हे वजन १९७१ च्या शिरगणतीवर गोठवले गेले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीतही महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ धरले, ते १९७१ च्या माणसांवरून.)

दुसरे कारण याहून जवळचे. आपल्या राज्यघटनेची पाचवी अनुसूची म्हणून जी आहे, तिच्याप्रमाणे कोणता मुलूख अनुसूचित क्षेत्र हे राष्ट्रपती आपल्या आदेशाने ठरवतात. जव्हार आणि मोखाडा त्यात आहेत. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले, पण ती सही राष्ट्रपतीचीच राहिली. आणि तिसरे कारण असे की १९६९ साली लोकसभेत इकडचे प्रतिनिधी होते खुद्द जव्हारचे माजी राजे, यशवंतराव मार्तंडराव मुकणे. कोळी राजघराण्याचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १९६७ साली यशवंतराव डहाणूच्या राखीव मतदारसंघातून काँग्रेसतर्फे निवडून आले. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य होते ५७६. या ५७६ मतांचा आणि आपल्या कथेचा संबंध पुढे येईल.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी काम पाहू लागले. गिरी जुने मजूर पुढारी, रेल्वे कामगारांच्या चळवळीतले. नवा राष्ट्रपती निवडावयाचा तर काँग्रेस ज्याला उभे करील तो येणार, असेच तेव्हा कोणीही म्हटले असते. संख्याबळ तिचे होते. पण घर आतून दुभंगलेले होते. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी, दुसऱ्या बाजूला पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, मोरारजी देसाई, आपल्या मुंबईचे स. का. पाटील ही मंडळी. यांना 'सिंडिकेट' म्हणत. जुलैत बंगळूरला बैठक भरली. पंतप्रधानांनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले, पण संसदीय मंडळाने बहुमताने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांना निवडले. रेड्डींच्या बाजूने मत देणाऱ्यांत यशवंतराव चव्हाणही होते. महाराष्ट्रात या एका मताची चर्चा फार झाली, आणि पुढेही पुष्कळ दिवस होत राहिली.

इथून अंदाजांचे पारडे हलू लागले. बंगळूरला रेड्डी निवडले गेले तेव्हा 'झाले, रेड्डी राष्ट्रपती' असा सूर. लगेच गिरींनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले, तरी पारडे रेड्डींकडेच. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले गेले. १९ जुलैला वटहुकूम निघाला आणि चौदा मोठ्या बँका सरकारच्या झाल्या. त्यांत आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. त्या रात्री पंतप्रधान आकाशवाणीवरून देशाशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी गिरींनी पद सोडले आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. आता मात्र वारे फिरल्यासारखे वाटू लागले. लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर सावकाराच्या शेतात राबणारे लग्नगडी ज्या जिल्ह्याने पाहिले होते, तिथे 'बँक सरकारची झाली' या वाक्याचा अर्थ काय लागला असेल हे सांगायला नको. लोकांना उमेदवार गिरी की रेड्डी यापेक्षा बँकेची गोष्ट अधिक कळत होती, आणि दिल्लीत हे बरोबर ओळखलेले होते.

पंतप्रधानांची अडचण मोठी चमत्कारिक होती. रेड्डींच्या उमेदवारीअर्जावर सही त्यांचीच. आणि मनातून ते नको. तेवढ्यात निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांची भेट घेऊन रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागितली. ही बातमी फुटली आणि पंतप्रधानांच्या बाजूच्या लोकांना हवे ते हाती आले. जगजीवनराम आणि फक्रुद्दिन अली अहमद यांनी पक्षाध्यक्षांना जाब विचारला. पत्रे गेली, उत्तरे आली, ती वर्तमानपत्रांत छापून आली. त्या निवडणुकीतला वादविवाद म्हणजे हा पत्रव्यवहार. दोन उमेदवार समोरासमोर उभे राहून बोलले असे कुठे झाले नाही. अखेर मतदान तोंडावर आले असताना पंतप्रधानांनी सांगितले की ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे. पक्षाचा आदेश नाही, आणि मतपत्रिका तर गुप्त. ज्यांनी आतापर्यंत पक्षांची डोकी मोजून बेरजा केल्या होत्या त्यांच्या बेरजा पुसल्या गेल्या. आपल्याकडे म्हणतात ना, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! म्हैस किती मोठी हे पाण्याबाहेर आल्याशिवाय कळत नाही, आणि सौदा करणारे मात्र काठावर भाव पाडत-चढवत बसतात.

अशी फजिती आमच्याच मुलखात होते असे समजू नका. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक लोक करतात आणि तिथे अंदाज बांधणे हा मोठा धंदा आहे. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने कौल विचारला. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यावरून त्यांनी सांगितले की रूझवेल्ट पडणार, लँडन येणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टनी जिंकली. नावे घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत ज्याच्या घरी फोन आणि दारी मोटार, त्याचे मन एक आणि रांगेत उभे राहून भाकरी घेणाऱ्याचे दुसरे. त्याच वर्षी गॅलप नावाच्या गृहस्थाने थोड्याच पण सर्व थरांतल्या लोकांना विचारून बरोबर भाकीत केले. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांचे चार जाहीर वादविवाद झाले. पहिला २६ सप्टेंबरला. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी, असे सांगतात. आम्हा रेडिओवाल्यांना ही गोष्ट आवडते खरी, पण तिला पुरावा तोकडा आहे. अलीकडे २७ जून २०२४ च्या एका वादविवादाने मात्र इतके केले की महिन्याच्या आत, २१ जुलैला, बायडन यांनी उमेदवारीच सोडली.

आता मराठी माणसाच्या मनातला तिसरा उमेदवार. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने उभे केले होते चिंतामणराव देशमुख यांना. महाडजवळच्या नाते गावचा जन्म, मॅट्रिकला विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, आय. सी. एस. परीक्षेत पहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर गेले, अर्थमंत्री होते, आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर मंत्रिपद टाकून देऊन उठले. तो राजीनामा महाराष्ट्र विसरला नव्हता. तेव्हा १९६९ साली मराठी वाचकांची मोठी कुचंबणा झाली. मान देशमुखांना द्यावासा वाटे, आणि त्यांना उभे करणारे पक्ष पुष्कळांना पसंत नसत. त्यात बँकांचा प्रश्न. रिझर्व्ह बँक सरकारी झाली ती १ जानेवारी १९४९ ला, देशमुख गव्हर्नर असताना. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ साली, तेव्हा अर्थमंत्री देशमुखच. आणि त्यांना उभा करणारा स्वतंत्र पक्ष बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कडवा विरोधक! माझ्या मते त्या निवडणुकीतला सर्वांत थोर माणूस हाच होता. पण थोरवीला मतमूल्य नसते. देशमुख निवडून येतील असे त्यांना उभे करणाऱ्यांनीही धरले नसावे. त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती कोणाला, एवढ्यावरच सगळ्यांचे डोळे होते.

१६ ऑगस्टला मतदान झाले. आपल्याकडे ते दिवस पावसाच्या झडीचे. आवणी उरकलेली, नागली-वरीच्या निंदणीला माणसे डोंगरउतारावर. मतमोजणी २० ऑगस्टला. उमेदवार पंधरा होते. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. निवडून यायला निम्म्याहून एक अधिक, म्हणजे ४,१८,१६९ हवीत. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. बाकीच्यांना किरकोळ. त्यांत आपले पां. ना. राजभोज यांना ८३१. गिरी पुढे, पण १६,६५४ कमी. मग खालचे उमेदवार बाद करीत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजू लागले. देशमुख व इतर मिळून १,२१,२७४ मते वाटावयाची होती. त्यांतली ९१,८७९ रेड्डींकडे गेली. म्हणजे शंभरात पंच्याहत्तरच्या वर! गिरींना मिळाली फक्त १८,५६२. पण ती पुरली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. अंतर १४,६५०.

हे अंतर किती मोठे? गिरींच्या तेरा खासदारांनी फक्त आपला कौल फिरवला असता तर निकाल उलटा लागता. तेरा खासदार! त्या काळच्या महाराष्ट्राच्या आमदारांच्या भाषेत सांगायचे तर एक्कावन्न. इतक्या थोड्या माणसांच्या मनात काय आहे हे दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत बसून रोज सांगण्याचा जो खटाटोप दोन महिने चालला, त्यात चलाखी पुष्कळ होती, माहिती थोडी. आणि ज्यांनी 'रेड्डींना देशमुखांची मते मिळतील' असे सांगितले त्यांचे ते भाकीत अगदी खरे ठरले, तरी रेड्डी पडले. गळती पहिल्या पसंतीतच झाली होती, रेड्डींच्या आपल्या पक्षातून.

जव्हारच्या राजांनी आपली ५७६ मते कोणाला दिली? मतपत्रिका गुप्त होती, तेव्हा त्यावर तर्क करण्याचे कारण नाही. पण त्यांच्यापुढचा पेच विचार करण्याजोगा आहे. संस्थानिकांचे खास हक्क काढून घ्यावे असा काँग्रेसचा ठराव १९६७ चाच. म्हणजे स्वतःचा तनखा घेणारे राजे, तो बंद करू पाहणाऱ्या पक्षाचे खासदार, आणि मतदारसंघ बहुतांशी गरीब आदिवासींचा. गिरी निवडून आल्यावर वर्षभरात तो प्रश्न उभा राहिलाच. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे बंद करण्याचे विधेयक लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने, अपूर्णांकाने, पडले. लागलीच गिरींच्या सहीने आदेश निघाला आणि देशातल्या सर्व संस्थानिकांची मान्यता गेली, त्यात जव्हारचीही. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मग १९७१ च्या अखेरीस घटनेत सव्विसावी दुरुस्ती झाली आणि तनखे कायमचे संपले.

गिरींच्या निवडीवरही दावा झाला होता. रेड्डींच्या बदनामीचे एक पत्रक वाटले गेले, असा आरोप होता. राष्ट्रपती स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यायला गेले, आणि १९७० मध्ये दावा फेटाळला गेला. उठसूट कोणीही अर्ज भरू नये म्हणून १९७४ साली कायदा बदलून दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागू केले. आज ते पन्नास-पन्नास आहेत.

२०२२ साली द्रौपदी मुर्मू यांच्या वेळीही बेरजा बदलल्या. त्या संथाळ समाजाच्या. नाव जाहीर होताच विरोधी गटातल्या काही पक्षांना आपली जागा सोडावी लागली. महाराष्ट्रात त्याच सुमारास फुटलेल्या शिवसेनेच्या दोन्ही बाजूंनी त्यांनाच पाठिंबा दिला. २१ जुलैला निकाल लागला तेव्हा त्यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७ मते होती. पाचव्या अनुसूचीवर सही करणारी पहिली आदिवासी व्यक्ती त्या पदावर आली.

आणि संजीव रेड्डी? १९७७ साली राष्ट्रपतिपदासाठी सदतीस जणांनी अर्ज भरले. छाननीत छत्तीस बाद झाले. उरले एकटे रेड्डी. ते बिनविरोध निवडून आले.