विद्यार्थिदशेंतील मानापमान

एकाच वर्गांत बसणाऱ्या मुलांनीं आपल्यांतील एखाद्यास हिणवावें, ही गोष्ट पुष्कळ घरांतून पोरखेळ म्हणून सोडून देण्यांत येते. परंतु ज्याला ती सोसावी लागते, त्याच्या मनांत ती जन्मभर घर करून राहते. मुंबईच्या शिक्षणाच्या इतिहासांत याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर यांची विद्यार्थिदशा होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीं सुभेदार रामजी यांचें कुटुंब परळच्या डबक चाळींत एका खोलींत राहात असे. स्वयंपाक, निजणें आणि अभ्यास, सर्व तेथेंच. भीमरावांना पहांटे दोन वाजतां अभ्यासास उठवितां यावें म्हणून वडील स्वतः तोंपर्यंत जागत. शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल. ती सरकारी होती. परंतु सरकारचा नियम दारापर्यंत, आणि आंत रूढीचें राज्य! एकदां शिक्षकांनीं भीमरावांना उदाहरण सोडविण्यास फळ्याजवळ बोलाविलें, तोंच वर्गांत एकच गलका उडाला. फळ्यामागें मुलांचे फराळाचे डबे ठेवलेले होते. ते विटाळूं नयेत म्हणून सवर्ण मुलें धांवलीं, आणि डबे दूर झाल्यावरच भीमरावांना फळ्यास हात लावतां आला. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली.

याच मुंबईंत वेगळ्या वृत्तीचीं माणसेंही होतीं. विल्सन हायस्कुलांतील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर सायंकाळीं चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसत. तेथें एकटाच पुस्तकांत गढलेला हा विद्यार्थी त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं जवळ बोलावून विचारपूस केली, पुस्तकें दिलीं. भीमराव १९०७ सालीं मॅट्रिक झाले, त्याबद्दल अभिनंदनाची सभा भरली. तिचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. त्या सभेंत केळूसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिलें. पुढें सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली, तीही केळूसकरांच्याच खटपटीनें.

एल्फिन्स्टन कॉलेजांतही दोन्ही अनुभव शेजारीं शेजारीं होते. तेथील उपाहारगृहाचा चालक भीमरावांना चहा-पाणी देत नसे. प्रोफेसर मुल्लर मात्र पुस्तकें आणि कपडे देऊन त्यांची अडचण दूर करीत. १९१२ सालीं भीमराव बी. ए. झाले. परदेशीं विद्या संपादून ते १९१८ सालीं सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हांही कांहीं सहकारी प्राध्यापकांनीं त्यांच्या पाणी पिण्यास हरकत घेतली. तेथील भांडें म्हणे प्राध्यापकांसाठीं राखलेलें. जणूं हे प्राध्यापकच नव्हेत! विद्यार्थ्यांची वागणूक मात्र उलट. त्यांचीं व्याख्यानें ऐकावयास दुसऱ्या कॉलेजांतूनही तरुण येऊं लागले. ज्यांनीं शिकवावयाचें त्यांनाच त्यांच्या विद्यार्थ्यांनीं धडा दिला.

नियम मागाहून आले. त्या सभेचे अध्यक्ष बोले यांनींच ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेमंडळांत ठराव संमत करून घेतला, आणि सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचें तत्त्व मान्य झालें. १९४६ सालीं आंबेडकरांनीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेंही सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं. १९९९ सालीं महाराष्ट्रानें रॅगिंगविरुद्ध कायदा केला. त्यांत अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि जो संस्थाप्रमुख तक्रारीची चौकशी टाळील, त्यासही अपराधास साहाय्य करणारा मानलें आहे. ही दुसरी तरतूद फार अर्थपूर्ण आहे. छळणारे थोडे असतात. पाहून गप्प बसणारे पुष्कळ.

तरीही २०१९ सालीं मुंबईंतील एका वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आदिवासी तरुणीनें आत्महत्या केली. वरिष्ठ सहकारिणींनीं जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबीयांनीं केला, आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. शंभर वर्षांत कायदे बदलले, इमारती बदलल्या. पण हिणवण्याची खोड मात्र सर्वस्वीं गेली नाहीं.

कारण ती खोड मुलें कॉलेजांत शिकत नाहींत. त्या वर्गांतील मुलें डबे उचलावयास धांवलीं, तीं कांहीं दुष्ट नव्हतीं. घरीं जें पाहिलें तेंच त्यांनीं वर्गांत केलें. मुलाचा डबा घरींच भरला जातो. त्याबरोबर दुसऱ्याचा मान राखण्याची शिकवणही घरांतूनच गेली पाहिजे.