आजीच्या रक्ताची साक्ष

आपल्याकडे दत्तकविधान हा उघड सोहळा असे. भाऊबंदांच्या देखत जन्मदाता आपला पुत्र दुसऱ्याच्या ओटीत घाली आणि त्या गोष्टीला सारा गाव साक्षी राही. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी मालेगावाजवळच्या कवळाणे येथील गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक घेतला व तोच पुढे बडोद्याच्या गादीवर सयाजीराव महाराज म्हणून बसला. परंतु तो कोणाचा कोण हे साऱ्या मुलखाला ठाऊक होते. नाव बदलले, घर बदलले, मूळ मात्र कोणी पुसून टाकले नाही. याच्या नेमका उलट प्रकार शंभर वर्षांनंतर दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिना देशात घडला. तेथे मूल दुसऱ्याच्या घरी गेले ते त्याचे मूळ कायमचे नाहीसे व्हावे म्हणूनच.

२४ मार्च १९७६ रोजी त्या देशात सेनाधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. जनरल विदेला हे त्यांचे प्रमुख. ही राजवट १९८३ च्या डिसेंबरापर्यंत चालली. विरोधक म्हणून ज्यांचा संशय येई, त्यांना रात्री-अपरात्री घरातून उचलून नेण्यात येई. अटकेची नोंद नाही, खटला नाही, प्रेतही नाही. विचारपूस करणाऱ्या आप्तांना कचेरीत एकच उत्तर मिळे : असा कोणी इसम आमच्या दप्तरी नाही. ‘बेपत्ता’ हा साधा शब्द त्या काळात तेथे एक भयंकर नाम होऊन बसला.

या बेपत्ता झालेल्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. ब्यूनोस आयर्स येथील नौदलाची यांत्रिकी शाळा, कांपो दे मायो येथील लष्करी तळ, अशा ठिकाणी गुप्त कोठड्या होत्या. प्रसूत होईपर्यंत स्त्रीला जिवंत ठेवावयाचे, पुढे तिचा निकाल लावावयाचा आणि मूल एखाद्या सैनिकाच्या, पोलिसाच्या अथवा राजवटीच्या स्नेह्याच्या घरी पोचते करावयाचे, अशी ही रीत. खोटा जन्मदाखला लिहून देणारे डॉक्टरही मिळत. काही मुले आईबापांबरोबर घरातूनच उचलली गेली. अशा मुलांची संख्या सुमारे ५०० असावी, असा आज्यांच्या संस्थेचा अंदाज आहे.

कर्णाच्या कथेची येथे आठवण होते. परंतु साम्य वरवरचे आहे. कुंतीने मूल स्वतः पाण्यात सोडले, आणि राधेने व अधिरथाने ते निर्मळ मनाने उचलले. येथे पाण्यात सोडणारा आणि काठावर उभा राहून उचलणारा बहुधा एकाच सरकारचा चाकर होता. आपण पाश्चात्य आणि ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षण करीत आहोत, असे ही राजवट उच्च रवाने सांगे. बेथलेहेमच्या तान्ह्या मुलांची कत्तल करविणारा हेरोद ज्या धर्माच्या ग्रंथात निंद्य ठरला, त्या धर्माच्या नावाने हे बोलले जावे, याहून मोठी विटंबना कोणती?

१९७७ च्या एप्रिलमध्ये बेपत्ता मुलांच्या आया राजवाड्यासमोरील प्लाझा दे मायो या चौकात जमू लागल्या. घोळक्याने उभे राहू नका, चालू लागा, असे पोलिसांनी दरडावले. म्हणून त्या चालू लागल्या आणि दर गुरुवारी चौकाला फेरी घालण्याचा परिपाठ पडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लुहानच्या मारियामातेची यात्रा होती. लाखोंच्या गर्दीत एकमेकींची ओळख पटावी म्हणून या बायकांनी तान्ह्या मुलांचे पांढरे कापडी लंगोट डोक्याला बांधले. पुढे जगभर प्रसिद्ध झालेल्या पांढऱ्या रुमालाचा उगम तो हा.

यांच्यातीलच बाराजणींचे दुःख दुहेरी होते. मुलगी किंवा सून गेली होतीच, पण नातवंड कोठेतरी जिवंत असले पाहिजे, हेही त्यांना कळत होते. त्यांनी १९७७ मध्ये आपली निराळी संस्था उभारली. त्यांत ला प्लाता शहरातील शिक्षिका मारिया इसाबेल मारियानी होत्या. त्यांना सारे ‘चिचा’ म्हणत. १९७६ च्या नोव्हेंबरात त्यांच्या मुलाच्या घरावर सैन्याने व पोलिसांनी गोळीबार केला. सून ठार झाली आणि तीन महिन्यांची नात नाहीशी झाली. पुढे संस्थेच्या अध्यक्षा झालेल्या एस्तेला दे कार्लोत्तो या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. राजकारणाचा वाराही न लागलेल्या या गृहिणी आणि शिक्षिका हेरगिरीची विद्या आपली आपण शिकल्या. कोणाचा तरी वाढदिवस असल्याची बतावणी करून त्या उपाहारगृहात बसत आणि केकच्या बशांआडून कागद फिरवीत. दूरध्वनीवर पोपचा उल्लेख ‘गोरा माणूस’ असा होई. कोणा पोलिसाच्या घरी एकाएकी मूल आले आहे, अशी कुणकुण लागली की शाळेच्या फाटकाशी उभे राहावयाचे आणि त्या मुलाच्या चेहऱ्यात आपल्या लेकीचे कपाळ, आपल्या लेकाची जिवणी शोधावयाची.

धर्मपीठाच्या दारीही त्या गेल्या. तेथे त्यांना जे अनुभव आले ते वाचताना ख्रिस्ती माणसास मान खाली घालावी लागते. बहुसंख्य बिशप गप्प राहिले. पोलिसांचा धर्मोपदेशक असलेला एक पाद्री तर छळ व खून यांतील सहभागाबद्दल २००७ मध्ये जन्मठेपेस पात्र ठरला. परंतु साहाय्याचा पहिला मोठा हात आला तोही धर्मपीठाकडूनच, मात्र शेजारच्या देशातून. ब्राझीलमधील साओ पाउलोचे कार्डिनल आर्न्स यांच्या आश्रयाखाली चालणाऱ्या ‘क्लामोर’ या समितीने १९७९ मध्ये दोन बेपत्ता भावंडांचा माग काढला. १९७६ च्या डिसेंबरात ती चिली देशातील वाल्परायसो येथे एका चौकात सोडून दिलेली आढळली होती. एका दंतवैद्याच्या कुटुंबाने त्यांना कायदेशीरपणे आणि निष्कपटपणे दत्तक घेतले होते. आजीने मुलांना ओढून आणले नाही. ती त्याच घरी वाढली, आजीशी संबंध जुळला आणि मुलांना आपले खरे नाव कळले. या विषयात सरसकट न्याय लावता येत नाही, याचे हे पहिले उदाहरण.

खरी अडचण पुढेच होती. मूल सापडले तरी ते आपले, हे न्यायालयात सिद्ध कसे करावयाचे? बापाचे व मुलाचे रक्त ताडून पितृत्व ठरविता येते, असे चिचाबाईंच्या वर्तमानपत्रात वाचनात आले होते. परंतु येथे बाप नाही आणि आईही नाही. मग आजी-आजोबांच्या रक्ताने काम भागेल काय? हा प्रश्न घेऊन या बायका देशोदेशींच्या तज्ज्ञांकडे गेल्या. १९८२ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांना व्हिक्टर पेंचास्झादे हे आर्जेंटिनातून परागंदा झालेले आनुवंशशास्त्रज्ञ भेटले. त्यांनी हा प्रश्न अभ्यासकांपुढे नेला आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेरी-क्लेअर किंग यांनी तो गणितासह सोडविण्यास हात दिला.

त्यातील तत्त्व समजण्यास कठीण नाही. रक्तातील श्वेतपेशींवर काही खुणा असतात आणि त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत. मुलाला त्या निम्म्या आईकडून व निम्म्या बापाकडून मिळतात. म्हणजेच अखेर चार आजी-आजोबांकडून येतात. मुलाच्या ठायी दिसणाऱ्या खुणा या विशिष्ट चौघांकडून आल्या असण्याचा संभव किती आणि केवळ योगायोगाने जुळण्याचा किती, याचे प्रमाण काढता येते. ‘आजीपणाचा निर्देशांक’ असे त्याला नाव पडले. चौघांपैकी कोणी हयात नसेल तर मामा, मावशी, काका, आत्या यांचे रक्त उपयोगी पडे. पुढे पेशीतील मायटोकाँड्रिया या घटकाचा आधार मिळाला. तो केवळ आईकडून लेकराकडे जातो. म्हणून आईच्या आईचे एक बोटभर रक्तही पुरेसे बोलके ठरते.

१९८४ च्या डिसेंबरात या परीक्षेच्या बळावर पहिली मुलगी आजीच्या घरी परत आली. १९७८ साली उरुग्वेतून आईबापांसह पळविली गेली तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती, आणि एका पोलिसाने तिची नोंद नवजात म्हणून केली होती. आयुष्यातली ती पहिली दोन वर्षेच कागदावरून उडविली गेली होती. १९८७ मध्ये सरकारने कायद्याने आनुवंशिक माहितीची राष्ट्रीय पेढी स्थापन केली. हेतू हा की आजी वारली तरी तिची साक्ष मरू नये. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात मुलाला आपली ओळख राखण्याचा हक्क देणारे आठवे कलम आले, तेही या बायकांच्या खटपटीचेच फळ होय.

लष्करी अधिकाऱ्यांना पुढे जी कायदेशीर माफी मिळाली, तिच्यातून मुले चोरण्याचा गुन्हा वगळलेला होता. त्याच फटीतून १९९८ मध्ये विदेला पुन्हा पकडले गेले आणि ५ जुलै २०१२ रोजी त्यांना ५० वर्षांची शिक्षा झाली. मुलांची चोरी पद्धतशीर योजनेने झाली, असे न्यायालयाने मान्य केले.

तोपर्यंत शोधाची दिशाच पालटली होती. नातवंडे वयात आली. आता आज्या त्यांना शोधीत होत्या तशीच तीही आज्यांना शोधू लागली. शंका आली की आपण होऊन संस्थेचे दार ठोठावू लागली. परंतु सर्वांनाच सत्य हवे होते असे नाही. ज्यांना आईबाप म्हटले ते आपल्या रक्तामुळे तुरुंगात जातील, या भयाने एका तरुणीने रक्त देण्याचे नाकारले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. तिच्याकडे पाहून कोणाही सहृदय माणसाचे मन द्विधा होईल. पण दुसऱ्या टोकाला तिची आजी उभी होती, हेही विसरून चालत नाही. २००९ च्या कायद्याने न्यायाधीशास कपडे, कंगवा अशा वापरातील वस्तूंवरून नमुना घेण्याची मुभा मिळाली.

एस्तेला दे कार्लोत्तो यांची कन्या लाउरा १९७७ मध्ये गरोदर असताना पकडली गेली. १९७८ च्या जूनमध्ये तिला मुलगा झाला आणि ऑगस्टमध्ये तिचे प्रेत आईच्या हवाली करण्यात आले. १९८५ मध्ये ते उकरून तपासले तेव्हा ती प्रसूत झाली होती, हे अस्थींवरून निश्चित झाले. त्यानंतर एकोणतीस वर्षे आई दुसऱ्यांची नातवंडे शोधीत राहिली. २०१४ मध्ये ओलाव्हारिया येथील एक संगीतकार शंकेपोटी स्वतः रक्त देण्यास आला आणि ५ ऑगस्ट रोजी तोच त्यांचा नातू, सापडलेल्यांपैकी ११४ वा, असे जाहीर झाले. आजी ८३ वर्षांची होती. आईने ठेवलेले नाव ग्वीदो. परंतु शेतमजूर दांपत्याने वाढविताना दिलेले इग्नासियो हे नाव त्याने टाकले नाही. मात्र आडनावे जन्मदात्यांची घेतली.

२०२५ च्या जुलैपर्यंत सापडलेल्यांची संख्या १४० झाली होती. त्यांत चिचाबाईंची नात नव्हती. २०१५ च्या नाताळात एक स्त्री खाजगी प्रयोगशाळेचा दाखला घेऊन त्यांच्याकडे आली. नात सापडल्याची वार्ता जगभर गेली आणि लगोलग खोटी ठरली, कारण राष्ट्रीय पेढीतील नमुन्याशी तिचे रक्त जुळत नव्हते. चिचाबाई २०१८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी वारल्या. ला प्लाता येथील ते घर गोळ्यांच्या खुणांसह जतन केलेले आहे, आणि त्यांच्या रक्ताची नोंद पेढीच्या दप्तरी आहे.