निर्माल्य नव्हे, विद्यादान



गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या नातीला इंजिनिअरिंगला चांगल्या कॉलेजात जागा मिळाली, पण फी ऐकून घरातले सगळे गप्प झाले होते. मी म्हटलं, "अगं, समाजाच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या आहेत, सरकारच्या आहेत. अर्ज करा की." त्यावर ती म्हणाली, "अक्का, आपल्या घरात धर्मादायाचं कुणी खाल्लंय का आजवर? मंदिराच्या पेटीतला पैसा लेकराच्या अंगाला लागायला नको."

मला तिचा राग आला नाही, कारण हेच वाक्य मी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका सरांनी पुढच्या शिक्षणासाठी समाजाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आणून दिला होता. वडिलांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आपण देणारे, घेणारे नव्हे." एम.कॉम. राहिलं ते राहिलंच. गंमत अशी की, आमचे थोरले काका कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले, हे सगळं घर अभिमानाने सांगत असे. पण त्या बोर्डिंगातलं जेवण कुणाच्या पैशातून ताटात येत होतं, हे मात्र कुणी बोलत नसे.

बहिणीला उत्तर द्यायचं म्हणून मी आपला जुना इतिहास पुन्हा वाचायला घेतला. जे हाती लागलं, ते आज तुमच्यासमोर मांडते.

आधी निर्माल्याची शंका. ती खोटी नाही. देवापुढे अर्घ्य म्हणून वाहिलेले तांदूळ, नारळ, फळ आपण श्रावक घरी आणून खात नाही. आपल्याकडे ते उपाध्ये घेऊन जातात. देवाला वाहिलेलं संसाराला वापरू नये, ही शिकवण लहानपणापासून अंगात मुरलेली आहे आणि ती असावीच. पण दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी आपण आणखी एक गोष्ट ऐकतो. दान चार प्रकारचं: आहारदान, औषधदान, शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान, आणि अभयदान. निर्माल्य देवापुढे ठेवलेलं असतं, दान माणसाच्या हातात द्यायचं असतं. एखाद्या दात्याने "मुलांच्या शिक्षणासाठी" म्हणून वेगळी रक्कम काढून ठेवली, तर ती देवाच्या पेटीतली नव्हे. उलट ती मुलांपर्यंत पोहोचली नाही, तरच दात्याचा संकल्प मोडतो. आपल्या आधीच्या पिढ्यांना हा फरक पक्का माहीत होता.

मुंबईचा राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने आईच्या नावाने मुंबई विद्यापीठाला दिला. त्याच प्रेमचंदांनी दूर कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते. त्यांच्या व्याजातून १८६८ पासून हुशार विद्यार्थ्यांना 'प्रेमचंद रायचंद' शिष्यवृत्ती मिळू लागली. पुढे त्या विद्यापीठाचे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी आणि इतिहासकार जदुनाथ सरकार, दोघेही या शिष्यवृत्तीचे मानकरी. त्या काळी बंगालमध्ये ही शिष्यवृत्ती मिळणं ही नावापुढे लावायची पदवीच होती. कापसाच्या सट्ट्याचा फुगा १८६५ मध्ये फुटला आणि प्रेमचंदांची प्रचंड संपत्ती बुडाली. पण शिक्षणासाठी बाजूला काढलेला पैसा मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकवत राहिला.

मी कॉमर्सची, म्हणून यातला हिशेब मला फार आवडतो. मूळ रक्कम कायम निधीत ठेवायची, तिला हात लावायचा नाही आणि येणाऱ्या व्याजावर मुलं शिकवायची. लाखावर सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार येतात. आज ही रक्कम लहान वाटेल, पण असे शंभर दाते एकत्र आले की वर्षाला सात लाख होतात, आणि मुद्दल पुढच्या वर्षीही जागेवरच असते.

आता आपल्या भागाकडे येऊ. १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. तिलाच आज आपण दक्षिण भारत जैन सभा म्हणतो. अण्णासाहेब लठ्ठ्यांसारखी शिकलेली तरुण मंडळी त्यात होती. हेच लठ्ठे पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. आपला समाज तेव्हा शेतीत आणि दुकानात होता, इंग्रजी शाळा शहरात होत्या, आणि खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला, जेवायला जागा नव्हती. फी ही पुढची गोष्ट, आधी भाकरीचा प्रश्न होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांना वसतिगृहांसाठी हात दिला आणि १९०१ मध्ये तिथे दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं. मुंबईत दानवीर सेठ माणिकचंद जव्हेरींनी वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढलं. विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईतच महावीर जैन विद्यालय उभं राहिलं. म्हणजे पंथ कुठलाही असो, उपाय सगळ्यांना एकच सुचला: मुलाला छप्पर द्या, ताट द्या, पुढचं तो बघेल.

या मुलांना त्या वेळी कुणी भिकारी म्हटलं नाही. 'बोर्डिंगचा विद्यार्थी' म्हणजे हुशार, असंच गावात मानलं जाई.

याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा मुलगा राहत होता. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करायला त्याने नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंगातून काढलं, असं चरित्रकार सांगतात. आपल्या समाजाच्या इतिहासातली ही बाजूही आपण लपवू नये. ताट दिलं, पण सोबत सोवळंही वाढलं. त्या मुलाने मात्र ताटाची आठवण ठेवली आणि सोवळं टाकून दिलं. १९१९ मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींनी तिथे येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. पुढे 'कमवा आणि शिका' ही योजनाही त्यांचीच. मुलाने काम करायचं, त्यातून शिकायचं, म्हणजे कुणापुढे मान खाली घालायला नको.

पण हे वसतिगृह चालवलं कुणी? लक्ष्मीबाईंनी. कर्मठ जैन घरात सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांना स्वतःच्या हाताने वाढत होती. घरात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी एकेक दागिना दिला आणि शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. मी हे पुन्हा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. आपण साधं बँकेच्या लॉकरमधून पाटल्या काढायच्या म्हटलं तरी चार दिवस विचार करतो.

आणि हे एकट्या लक्ष्मीबाईंचं नाही. 'मुष्टिफंड' हा शब्द तुमच्यापैकी काहींनी आजीकडून ऐकला असेल. भाकरीचं पीठ मळायच्या आधी, तांदूळ वैरायच्या आधी एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायची. ते धान्य गोळा होऊन मुलांच्या वसतिगृहात जायचं. गावोगावच्या बायकांनी असं मुठीमुठीने महाराष्ट्र शिकवला. त्यांची नावं कुठल्या शिळेवर नाहीत आणि त्यांतल्या कितीतरी जणींना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती.

इथेच मला एक गोष्ट टोचते. मूठ बायकांची, आणि शिकले बहुतेक मुलगे. मुलींसाठी वेगळी उठाठेव करावी लागली. सेठ माणिकचंदांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. तिने सोलापूरच्या कंकुबाई आणि ललिताबाई यांना सोबत घेऊन विधवा आणि गरजू मुलींसाठी श्राविकाश्रम उभा केला. सोलापुरात पुढे पंडिता सुमतीबाई शहांनी तेच काम कितीतरी मोठं केलं. त्या आश्रमांतून शिकून शिक्षिका झालेल्या बायकांनी अनेक घरं उभी केली. त्या घेणाऱ्या होत्या म्हणूनच देणाऱ्या झाल्या.

घेण्याची लाज वाटते त्यांना मी जमशेटजी टाटांचं उदाहरण देते. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी शिक्षणासाठी जो निधी काढला, त्यातून पैसे कर्जाऊ मिळत. मुलाने शिकायचं, कमवायचं आणि परत करायचं, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाला जातो. पहिल्याच वर्षी निवडलेल्यांत फ्रेनी कामा ही बाई डॉक्टर होती. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन आणि आपले जयंत नारळीकर हेही या निधीचे विद्यार्थी. यांच्यापैकी कुणाची मान खाली गेली? आपल्या समाजातही काही संस्था अशीच कर्जाऊ मदत करतात. वडिलांना त्या वेळी हे कुणी समजावलं असतं, तर कदाचित त्यांनी फॉर्मची घडी उलगडली असती.

सरकारी शिष्यवृत्तीबद्दलही गैरसमज आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैनांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं आणि केंद्राच्या अल्पसंख्याकांसाठीच्या शिक्षण योजना आपल्या मुलांनाही खुल्या झाल्या. आपण कर भरतो, त्यातलाच तो पैसा आहे. तो उपकार नाही.

फक्त कागद वेळेवर हवेत. बहिणीला मी जी यादी दिली, तीच इथे लिहिते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. अधिवासाचा दाखला काढा. मुलीच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते बघा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहिलं आहे, ते नीट वाचा. आपल्याकडे कित्येकांच्या दाखल्यावर 'हिंदू' किंवा 'हिंदू जैन' असतं आणि अर्ज तिथेच अडकतो. ही दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्या, नंतर फार चकरा पडतात. राज्याच्या योजना महाडीबीटीवर आणि केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतात. नियम आणि मुदत दर वर्षी नव्याने बघा. आणि मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षीही हवी असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका. ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांचे फॉर्म बहुधा निकालानंतर निघतात, तेव्हा मंदिरातल्या फळ्याकडेही लक्ष ठेवा.

परवा बहीण नातीला घेऊन आमच्याकडे आली होती. आम्ही तिघींनी बसून दोन फॉर्म भरले. बहिणीने शेवटी विचारलंच, "अक्का, याचं ओझं नाही ना राहणार तिच्यावर?" मी म्हटलं, "राहू दे की. राहायलाच हवं." मग नातीला एक वही दिली आणि पहिल्या पानावर लिहायला लावलं: कुणाकडून किती मिळाले, कोणत्या तारखेला. समोरचा रकाना रिकामा ठेवला आहे. कमवायला लागली की तिने तो भरायचा, त्याच ट्रस्टला किंवा दुसऱ्या कुठल्या मुलीला देऊन.

मंजुरी येईल की नाही, ते अजून कळलेलं नाही. तुमच्या घरातही या वर्षी कुणी बारावी झालं असेल, तर फॉर्मची घडी घालून ठेवू नका.

जय जिनेंद्र.